युद्धाच्या बातम्या बघून काहीच का वाटेनासं होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 2022 च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा तुम्ही रात्री उशिरापर्यंत जागून बातम्या बघत होतात, तळघरात लपलेल्या बायकामुलांसाठी जीव तुटत होता. आता गाझाचा किंवा सुदानचा व्हिडिओ समोर आला तरी अंगठा तो वर ढकलून पुढे जातो. ‘रोज मरे त्याला कोण रडे’ असं झालंय, असं तुम्ही लिहिलंत आणि विचारलंत, की मीच निर्दय झाले की चॅनेलवाल्यांनी रोज रक्त दाखवून आमची मनं मारून टाकली? शिवाय घरातलाही एक प्रश्न जोडलात: सासरे दिवसभर न्यूज चॅनेल लावून बसतात, आठ वर्षांची मुलगी तिथेच अभ्यास करते, तिचं काय होईल?

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. एका मराठी दैनिकात परदेशाच्या पानावर माझी बरीच वर्षं गेली. युद्ध मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही आणि मी मानसतज्ज्ञही नाही. पण जगाच्या कोणत्या कोपऱ्यात किती माणसं मेली की बातमी किती कॉलम लावायची, कोणता फोटो घ्यायचा आणि कोणता ठेवून द्यायचा, हे ठरवणं माझं रोजचं काम होतं. त्यामुळे बातमी कशी तयार होते याबद्दल मी खात्रीनं बोलू शकतो. मनाबद्दल जे लिहीन ते इतरांच्या अभ्यासावर आधारलेलं आहे.

‘जास्त दाखवलं म्हणून मनं मेली’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. सुदानचंच बघा. तिथे 15 एप्रिल 2023 पासून युद्ध चालू आहे. एक कोटीहून जास्त माणसांना घरदार सोडावं लागलं. ऑगस्ट 2024 मध्ये पश्चिम सुदानमधल्या दारफूरच्या झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. यातलं मराठी वाहिन्यांवर तुम्ही किती पाहिलंत? जवळपास काहीच नाही. तरीही सगळ्यात थंडपणा सुदानबद्दलच आहे. म्हणजे भरमसाट दाखवल्यानंच बधिरपणा येतो असं नाही, न दाखवल्यानंही येतो. माझा अनुभव सांगतो की बातमी कुठे कापली जाते यावर सारं अवलंबून आहे. हिंसा समोर येते, पण ती सुरू कशी झाली ते येत नाही, कुणाच्या फायद्यासाठी चाललीय ते येत नाही, पुढे त्या माणसांचं काय झालं ते येत नाही आणि बघणाऱ्यानं काय करावं तेही येत नाही. असं रोज समोर आलं की मन हळूहळू अंग काढून घेतं.

अर्थात हे सगळ्यांना सारखं लागू नाही. 23 जून 2025 च्या रात्री इराणनं कतारमधल्या अल उदेद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा रत्नागिरी-रायगडमध्ये ज्यांचा मुलगा किंवा नवरा दोह्यात कामाला आहे त्या घरांत कुणी झोपलं नसेल. साताऱ्यात, कोल्हापुरात ज्या घरातलं माणूस सीमेवर आहे तिथे युद्धाची बातमी कधीच ‘नेहमीची’ होत नाही. ज्यांनी स्वतः दंगल, बाँबस्फोट किंवा जवळच्याचा अकाली मृत्यू सोसलाय, त्यांचं दृश्यांपासून तोंड फिरवणं वेगळं असतं. ती त्यांची गरज असते आणि त्यांना कुणी दोष देऊ नये. मी पुढे लिहितोय ते तुमच्यामाझ्यासारख्यांबद्दल, ज्यांचं त्या युद्धात रक्ताचं कुणी नाही.

बातमी कशी कापली जाते ते एका उदाहरणातून सविस्तर सांगतो. 9 ऑगस्ट 2018 रोजी येमेनच्या सादा प्रांतात दहयानच्या बाजारात सौदी आघाडीच्या विमानानं टाकलेला बाँब मुलांच्या बसवर पडला. उन्हाळी वर्गातली ती मुलं सहलीला निघाली होती. बस बाजारात थांबली होती. रेडक्रॉसनं दिलेल्या आकड्यानुसार 51 माणसं मारली गेली, त्यातली 40 मुलं होती. त्यांच्यातल्या एकानं हल्ल्याच्या थोडं आधी मोबाइलवर बसमधल्या मुलांच्या दंगामस्तीचं चित्रण केलं होतं. नंतर आलेल्या फोटोंमध्ये युनिसेफच्या निळ्या दप्तरांची रास दिसत होती.

आता हीच घटना संध्याकाळी मराठी डेस्कवर कशी येते ते बघा. परदेशाचं पान आतलं, त्यामुळे डाक आवृत्तीसाठी, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकासाठी, ते लवकर सोडावं लागतं. खालच्या अर्ध्यात जाहिरात असते. वरच्या अर्ध्यात अमेरिकेच्या अध्यक्षांचं काहीतरी असतंच, पाकिस्तानचं असतं, लंडन किंवा न्यूयॉर्कमधल्या भारतीयाचं असतं. येमेनला राहतो सिंगल कॉलम. एजन्सीची इंग्रजी कॉपी पाच-सहाशे शब्दांची, त्यातले मराठीत पन्नास-साठ घ्यायचे. अशा वेळी उपसंपादक गाव घेतो, आकडा घेतो, हल्ला कुणी केला ते घेतो, सौदीचा खुलासा आणि संयुक्त राष्ट्रांचा निषेध घेतो. जे सुटतं ते म्हणजे सहल, मोबाइलवरचं चित्रण, निळी दप्तरं. बाँब अमेरिकी बनावटीचा होता हे काही दिवसांनी उघड झालं, पण तोवर डेस्कच्या हिशेबात ती बातमी शिळी झाली होती. वाचकाच्या हाती एक अनोळखी गाव आणि एक आकडा पडतो. त्यानं हळहळायचं तरी कशावर? आकडा वाचून कुणाच्या पोटात कालवत नाही, आणि त्यासाठी वाचकाला निर्दय म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत पत्रकार जमाल खशोगी यांची हत्या झाली. गेला तो एक माणूस. पण त्या बातमीला चेहरा होता, वकिलातीत शिरतानाचं सीसीटीव्हीचं चित्र होतं, दाराबाहेर वाट बघणारी त्याची होणारी बायको होती, आणि रोज काहीतरी नवं उघड होत होतं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती कित्येक आठवडे पहिल्या पानावर ठेवली. त्या धगीत अमेरिकेच्या सिनेटनं 13 डिसेंबरला येमेनच्या युद्धातली अमेरिकेची मदत थांबवण्याचा ठराव 56 विरुद्ध 41 मतांनी मंजूर केला. पुढच्या वर्षी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेला ठराव ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरून रोखला, तरी येमेनवर तिथे मतदान झालं हे खरं. बसमधल्या मुलांच्या बातमीला एकटीला जे जमलं नव्हतं ते या बातमीच्या आधारानं झालं. खशोगींना जास्त जागा मिळाली याची मला तक्रार नाही. मुलांना ती मिळाली नाही याची आहे.

डेस्कवरचा दुसरा नियम म्हणजे ‘नवीन काय?’ हा प्रश्न. तो वाईट हेतूनं विचारला जात नाही, बातमीचा धंदाच त्यावर चालतो. पण लांबलेल्या युद्धाचा स्वभावच असा, की कालच्यासारखंच आज आणि आजच्यासारखंच उद्या. पहिल्या आठवड्यात वीस माणसं गेली तरी ती मुख्य बातमी होते, चौथ्या महिन्यात वीस माणसं गेली तर ती ‘संक्षिप्त’मध्ये जातात. बोस्नियाची राजधानी सारायेव्होचा वेढा एप्रिल 1992 ते फेब्रुवारी 1996 असा जवळपास चार वर्षं चालला. रोज कुणी पाण्याच्या रांगेत, कुणी रस्ता ओलांडताना मारलं जात होतं, एकूण अकरा हजारांहून जास्त. जगानं मान वर करून पाहिलं ते 5 फेब्रुवारी 1994 ला मार्काले बाजारात एकाच तोफगोळ्यानं 68 माणसं मारली तेव्हा. पुन्हा ऑगस्ट 1995 मध्ये त्याच बाजारात 43 माणसं गेली, आणि मग नाटोची विमानं उडाली. म्हणजे बातमीनं परिणाम होतो, पण रोजच्या एका-दोघांच्या मरणानं होत नाही. वाचकालाही नकळत तीच सवय लागते. आकडा कालच्यापेक्षा मोठा नसेल तर ‘विशेष काही नाही’ असं त्यालाही वाटू लागतं.

तिसरी गोष्ट मला जास्त लागते, कारण ती खास आपली आहे. परदेशातल्या युद्धाची बातमी आपल्याकडे ‘तिथे आपली माणसं किती’ इथून सुरू होते. यात गैर काही नाही. मुलगा खार्कीव्हच्या वसतिगृहात अडकला असेल तर आईबापांना दुसरं काय सुचणार? पण बातमी तिथेच संपते, हे गैर आहे. युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’नं विद्यार्थी परतले, मुंबई विमानतळावर हार घातले गेले, आणि मराठी पानांवरून युक्रेन पातळ होत गेला. 2015 मध्ये येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’, 2023 मध्ये सुदानमधून ‘ऑपरेशन कावेरी’. दोन्ही वेळा शेवटचं विमान उतरलं आणि तो देश आपल्या नकाशावरून उतरला. ज्या खार्टूममधून आपली माणसं सुटून आली, त्याच खार्टूममध्ये त्यांचे शेजारी, दुकानदार, ड्रायव्हर मागे राहिले होते. परतलेल्यांना नुसतं विचारलं असतं, तरी त्यांनी त्या शेजाऱ्यांबद्दल भरभरून सांगितलं असतं.

आता कारणांबद्दल. दूरच्या युद्धाचं वर्णन ‘शतकानुशतकांचं वैर’, ‘टोळीयुद्ध’, ‘तिथे हे चालूच असतं’ असं केलं, की बघणाऱ्याची सुटका होते. निसर्गानंच पेरलेलं भांडण असेल तर त्याला कोण काय करणार? रवांडात एप्रिल 1994 पासून साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी समाजातली. हे भडकलेल्या टोळ्यांचं काम नव्हतं. याद्या तयार होत्या, कोयते मागवलेले होते, रेडिओवरून नावं घेऊन माणसं दाखवून दिली जात होती, आणि मागे सरकारी यंत्रणा उभी होती. जगातल्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी मात्र सुरुवातीला त्याला टोळ्यांचा हिंसाचार म्हटलं. 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेनं तिथली शांतिसेना अडीच हजारांवरून 270 वर आणायचं ठरवलं, आणि कुठेही मोठा ओरडा झाला नाही. पुढे जुलैत शेजारच्या झैरमधल्या (आताचं काँगो) गोमाच्या छावण्यांत लाखो निर्वासित आले, कॉलरा पसरला, तेव्हा कॅमेऱ्यांची रीघ लागली आणि मदतही आली. त्या छावण्यांत मारेकरीही लपलेले होते. टीव्ही बघणाऱ्या अनेकांनी त्यांनाच कत्तलीचे बळी मानलं. दृश्यं भरपूर होती, हळहळही खरी होती, पण काय बघतोय हे सांगणारं कुणी नव्हतं.

सुदानबद्दलही आज हेच होतंय. ‘दोन सेनापतींचं भांडण’ एवढ्यावर बातमी थांबते. लष्करप्रमुख बुऱ्हान आणि ‘आरएसएफ’ या निमलष्करी दलाचा प्रमुख हेमेदती या दोघांनी मिळूनच ऑक्टोबर 2021 मध्ये नागरी सरकार उलथवलं, हेमेदतीची आरएसएफ ही दारफूरमध्ये कत्तली केलेल्या जंजावीद या सशस्त्र टोळ्यांतून उभी राहिली, या युद्धात सोन्याच्या खाणी आहेत आणि सुदानचं बरंचसं सोनं दुबईच्या बाजारात पोचतं, इतकं जरी कळलं तरी ते ‘आफ्रिकेतलं काहीतरी’ राहत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये दीड वर्षाच्या वेढ्यानंतर दारफूरमधलं अल-फाशर शहर आरएसएफच्या हाती पडलं, तेव्हा जमिनीवरचे रक्ताचे डाग उपग्रहाच्या चित्रांतून दिसत असल्याचं येल विद्यापीठातल्या संशोधकांनी सांगितलं. मराठीत ती बातमी बऱ्याच जणांनी ओझरती वाचली असेल. अल-फाशर कुठे आहे, वेढा कुणाचा होता, हे आधी वर्षभर कुणी सांगितलेलंच नव्हतं. मग त्या डागांचा अर्थ कसा लागावा?

आता दुसऱ्या टोकाकडे येतो. रक्त अजिबात न दाखवूनही मनं थंड करता येतात. 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकी लष्करानं पत्रकारांना ठरावीक गटांत फिरवलं आणि रोज पत्रकार परिषदेत बाँब खिडकीतून नेमका आत शिरतानाची चित्रं दाखवली. प्रत्यक्षात टाकलेल्या बाँबांपैकी नेम धरून जाणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. युद्धाच्या शेवटी केनेथ जारेके यांनी ट्रकमध्ये जळून कोळसा झालेल्या इराकी सैनिकाचा फोटो काढला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या न्यूयॉर्कमधल्या संपादकांनी तो वितरणातून काढून टाकला. ब्रिटनमध्ये ‘ऑब्झर्व्हर’नं छापला, अमेरिकेतल्या वाचकांना तो त्या वेळी दिसलाच नाही. आपल्याकडे केबल टीव्ही पसरायला लागला तो याच काळात, आणि युद्ध म्हणजे हिरव्या अंधारात उडणारे ठिपके हे चित्र आपल्याही डोक्यात तेव्हाच बसलं. आज ड्रोनच्या कॅमेऱ्यातून घेतलेल्या क्लिपा त्याच जातीच्या असतात: खाली एक ठिपका पळतो, मग पांढरा लोळ. तो ठिपका माणूस असतो.

मे 2025 मधलं तर तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या त्या रात्रींत अनेक वाहिन्यांनी बातमीपत्राच्या मागे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवत ठेवले. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या चालल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ गेमची दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून फिरली. शेवटी 10 मे रोजी केंद्राच्या नागरी संरक्षण महासंचालनालयाला वाहिन्यांसाठी सूचना काढावी लागली, की जनजागृतीशिवाय इतर कार्यक्रमांत भोंग्याचा आवाज वापरू नका, नाहीतर लोकांची त्या आवाजाची संवेदनशीलता कमी होईल आणि खऱ्या हल्ल्याच्या वेळी ते त्याला नेहमीचाच समजतील. तुम्ही जे विचारताय ते सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे क्वचितच आलं असेल. आणि त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी खरी माणसं मरत होती, घरांची छपरं उडत होती. स्टुडिओतल्या भोंग्यांपुढे त्यांच्या वाट्याला किती मिनिटं आली? खोटी दृश्यं पसरण्याचं दुसरंही एक नुकसान आहे. चार वेळा फसल्यावर माणूस पाचव्या वेळी खऱ्यालाही ‘कशावरून खरं’ म्हणतो आणि पुढे जातो. हाही बधिरपणाच, फक्त तो शहाणपणासारखा दिसतो.

आता मनाकडे वळतो. अमेरिकेत डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांचा 2007 सालचा एक प्रयोग आहे. लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करायला सांगितले. मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका भुकेल्या मुलीबद्दल वाचलेल्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले. आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचलेल्यांनी 1.14 दिले. रोकियाबरोबर आकडेवारीही दिली तेव्हा दान 1.43 वर आलं. म्हणजे आकडा नुसता कमी हलवतो असं नाही, तो चेहऱ्याचाही परिणाम खातो. हे वाचल्यावर मला डेस्कवरचे ते पन्नास शब्द वेगळ्या डोळ्यांनी दिसायला लागले.

दुसरा अभ्यास तुमच्या ‘मी निर्दय झाले का’ या प्रश्नाला थेट भिडतो. डॅरिल कॅमरन आणि कीथ पेन यांनी 2011 मध्ये लोकांना दारफूरमधल्या एका मुलाबद्दल किंवा आठ मुलांबद्दल वाचायला दिलं. नंतर पैसे मागितले जातील असं ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांना आठ मुलांबद्दल कमी कळवळा वाटला. ज्यांना तसं सांगितलं नव्हतं त्यांच्यात ही घसरण दिसली नाही. याचा अर्थ मी असा लावतो: भावना संपलेली नसते. हे ओझं आपल्याला पेलणार नाही असं दिसलं की मन ती आधीच दाबून टाकतं. तुमचा अंगठा पुढे सरकतो तो दगड झालेल्या माणसाचा नसतो, हात टेकलेल्या माणसाचा असतो. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या 2024 च्या पाहणीत वेगवेगळ्या देशांतल्या 39 टक्के लोकांनी आपण कधीकधी किंवा बऱ्याचदा बातम्या टाळतो असं सांगितलं. इतक्या माणसांना एकदम निर्दय ठरवणं मला मान्य नाही.

तिसरा दाखला आलान कुर्दीचा. 2 सप्टेंबर 2015 रोजी तुर्कस्तानात बोद्रुमजवळच्या किनाऱ्यावर पडलेल्या त्या चिमुकल्या सीरियन मुलाचा फोटो नीलुफर देमिर यांनी काढला, तो तुम्हाला आठवत असेलच. सीरियात त्याआधी चार वर्षं माणसं मरत होती. त्या फोटोनंतरच्या आठवड्यात स्वीडिश रेडक्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या आधीच्या शंभर पटींहून जास्त झाली. साधारण दीड महिन्यात ती पूर्वीच्या पातळीजवळ उतरली. पण त्या दिवसांत ज्यांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायची नोंदणी केली, त्यातल्या फार थोड्यांनी ती बंद केली. मला हा तपशील सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फोटोनं दिलेला धक्का काही आठवडेच टिकतो. त्या आठवड्यांत माणसानं स्वतःला कशाला तरी बांधून घेतलं तर भावना ओसरली तरी काम चालू राहतं.

‘जास्त दाखवलं म्हणून मन मेलं’ हे का पटत नाही याचा आणखी एक पुरावा गाझा देतो. ऑक्टोबर 2023 नंतर इस्रायलनं परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलेलं नाही. जगाला जे दिसलं ते तिथल्याच पॅलेस्टिनी पत्रकारांनी, स्वतः विस्थापित होत, उपाशी राहत दाखवलं, आणि त्यांतले दोनशेहून जास्त मारले गेले. मोबाइलवर इतकी दृश्यं आधीच्या कुठल्याही युद्धात आली नव्हती. तरी 2024 च्या वसंतात अमेरिकेतल्या विद्यापीठांत मुलं तंबू ठोकून बसली. तीच दृश्यं बघून आपल्याकडचे बरेच जण पुढे सरकले. फरक दृश्यांचा नव्हता. त्या मुलांना दिसत होतं की बाँब आपल्या सरकारनं दिलेत, फी आपली आहे, विद्यापीठाचा पैसा कुठे गुंतलाय ते विचारता येतं. त्यांच्याजवळ मागणी होती. त्यांच्या मागणीशी कुणी सहमत असो वा नसो, ती होती म्हणून त्यांची भावना जिवंत राहिली.

इथवरचं थोडक्यात: बातमी माणसाला आकडा करते, लांबलेल्या युद्धाला शिळं ठरवते, आपली माणसं सुटली की दार लावते आणि कारणं सांगत नाही. वाचकाला ना समजतं, ना काही करता येतं. मग तो मान फिरवतो. दोष वाटायचाच झाला तर मी मोठा वाटा आम्हा बातम्या देणाऱ्यांकडे ठेवीन. पण वाचकाच्या हातात काहीच नाही असंही नाही.

तुम्ही काय करू शकता? सगळ्या युद्धांचं ओझं डोक्यावर घेऊ नका, एकच निवडा. समजा सुदान निवडलंत. एकदा बसून ते युद्ध कसं सुरू झालं ते नीट वाचा, नकाशावर अल-फाशर आणि पोर्ट सुदान शोधा, तिथूनच लिहिणारा एखादा बातमीदार किंवा एखादी संस्था निवडून आठवड्यातून एकदा तेवढंच वाचा. व्हिडिओपेक्षा मजकूर वाचलेला बरा, कारण मजकूर तुमच्या वेगानं चालतो आणि आपोआप पुढची क्लिप सुरू होत नाही. रविवारच्या पुरवण्या आणि दिवाळी अंकांत अजूनही लांब लेख येतात, त्यातून जे कळतं ते वर्षभराच्या टिकरमधून कळत नाही. काही महिन्यांनी तुमच्या लक्षात येईल की त्या एका देशाची बातमी आली की अंगठा आपोआप थांबतो.

पैसे द्यायचे असतील तर थोडे द्या पण दरमहा द्या, आणि संस्था भारतात नोंदलेली आहे ना, पैसा नेमका कुठे खर्च होतो, हे विचारून द्या. त्याहून जवळचा मार्गही आहे. पुण्यात सुदानी, येमेनी, अफगाण विद्यार्थी पूर्वीपासून शिकायला येतात. देशात युद्ध पेटलं की घरून पैसे यायचे थांबतात, व्हिसाची मुदत संपत येते, भाड्यासाठी घरमालक दारात उभा राहतो. तुम्ही पुण्यात असाल तर ओळखीच्या कॉलेजात चौकशी करा. अशा एखाद्या मुलाला घरी जेवायला बोलावलंत तर त्याच्या गावाची बातमी तुम्ही यापुढे कधीच आकडा म्हणून वाचणार नाही.

आणि संपादकांना पत्र लिहा, हे मी मनापासून सांगतोय. ‘येमेनचं पुढे काय झालं?’ असं वाचकाचं एक पत्र आलं की डेस्कवर ‘नवीन काय?’ या प्रश्नाला उत्तर मिळतं, आणि पानावर जागा निघते. वाचकाला हे नको असतं असं गृहीत धरून आम्ही पान लावतो. ते गृहीत मोडायला दहा-बारा पत्रं पुरतात.

आता मुलीबद्दल. बोस्टन मॅरेथॉनमधल्या 2013 च्या स्फोटांनंतर झालेल्या अभ्यासात, पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त बातम्या पाहणाऱ्या मोठ्या माणसांनी प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त ताण सांगितला होता. लहान मुलांचं आणखी अवघड, कारण तेच दृश्य पुन्हा दाखवलं की त्यांना ते पुन्हा घडलंय असं वाटू शकतं. म्हणून सासऱ्यांशी भांडण न करता वेळ ठरवून घ्या: सकाळचं एक बातमीपत्र, संध्याकाळचं एक, आणि मुलीच्या अभ्यासाच्या नि जेवणाच्या वेळी टीव्ही बंद. त्यांना दिवसभर सोबत हवी असेल तर रेडिओ लावून द्या, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. मुलीला मात्र युद्ध नसतंच असं सांगू नका. तिनं काय पाहिलं ते आधी तिला विचारा, ते ठिकाण नकाशावर दाखवा, तिथल्या मुलांना कोण मदत करतंय ते सांगा. ‘आपल्याकडे बाँब पडेल का?’ असं तिनं विचारलं तर खरं तेच, तिला समजेल इतकं सांगा. दोन-तीन आठवड्यांनंतरही ती रात्री दचकून उठत असेल, जेवणावरची वासना गेली असेल किंवा शाळेत जायला घाबरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि घरात टीव्हीवर काय चालू असतं तेही त्यांना सांगा.